फेल, नापास आणि बंद

एका भाषेंतील शब्द दुसऱ्या भाषेंत राहावयास आला म्हणजे तो आपलें सगळें बिऱ्हाड बरोबर आणीत नाहीं. दोन भांडीं घेऊन येतो आणि बाकीचें तिकडेच ठेवतो. इंग्रजी 'फेल' या शब्दाचें मराठींत असेंच झालें. इंग्रजींत हा शब्द परीक्षेला बसलेल्या मुलाला लागतो, व्यापारी पेढीला लागतो, पावसाला आणि पिकाला लागतो, दृष्टीला, स्मरणाला, हृदयाला, दिलेल्या वचनालाहि लागतो. एखाद्यानें पत्राचें उत्तर धाडलें नाहीं तरी तो उत्तर धाडण्यांत 'फेल' झाला असें इंग्रज लिहितो, आणि अगत्यानें बोलावावयाचें असलें म्हणजे 'फेलशिवाय ये' असें सांगतो. मराठी मनुष्य तेथें 'न चुकतां ये' म्हणून मोकळा होतो. सोलापुरांत मराठी, कानडी, तेलुगु आणि उर्दू या चारहि भाषा एकाच बाजारपेठेंत ऐकूं येतात. अशा शहरांत हा शब्द कोणत्या दारानें शिरला, कोणत्या दाराशीं अडला, आणि त्याच्या जागीं लोकांनीं काय वापरलें, याचा मागोवा घेतला तर तो निव्वळ शब्दांचा इतिहास राहत नाहीं. त्यांत सारातहकुबी येते, सावकाराची वसुली येते, गिरणीचा पगार येतो, आणि शेवटीं दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयांत गेलेला एक मोठा दावाहि येतो.

मूळ शब्दाकडे आधीं पाहूं. लॅटिन भाषेंत 'फालेरे' या धातूचा अर्थ फसविणें, चकविणें असा होता. त्यापासून जुन्या फ्रेंचमधील क्रियापद झालें, आणि नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून तेराव्या शतकाच्या सुमारास तें इंग्रजींत रूढ झालें. 'फेल्युअर' हें नाम बरेंच मागाहून, सतराव्या शतकांत आलें. आधीं जो फसवितो तो, मग जो ऐन वेळीं उपयोगीं पडत नाहीं तो, आणि शेवटीं नुसताच जो उणा ठरतो तो, असा हा अर्थाचा उतार आहे. मराठी वाचकाला तो परका वाटूं नये. आपल्या 'फसणें' या क्रियापदांत हे दोन्ही अर्थ शेजारीं शेजारीं नांदत आहेत. मनुष्य फसतो तेव्हां त्याला कोणीतरी ठकविलेलें असतें; बेत फसतो तेव्हां कोणी ठकविलेलें नसतें, तो नुसताच सिद्धीस जात नाहीं. दोन दूरदूरच्या भाषा आपापल्या वाटेनें एकाच विचाराला पोंचल्या, एवढाच याचा अर्थ. मराठींत याच उच्चाराच्या जवळचा एक शब्द पूर्वींपासून होता हीहि एक गंमतच. अरबींतून आलेला 'फैल' म्हणजे कृत्य, वर्तन. 'बदफैली' या शब्दांत तो अद्याप शिल्लक आहे. त्याचा आणि इंग्रजी पाहुण्याचा कांहीं संबंध नाहीं.

या पाहुण्याला मराठींत पहिली हक्काची जागा मिळाली ती यंत्रांच्या संगतींत. सोलापुरास आगगाडी आली १८६० सालीं. लोहमार्ग, एंजिन, बाष्पपात्र, झडपा, यांची सारी परिभाषाच इंग्रजी असल्यामुळें त्यांच्या दुखण्यांचीं नांवेंहि इंग्रजीच राहिलीं. एंजिन फेल झालें, ब्रेक फेल झाला. आणि जो डबा दुरुस्तीपलीकडे गेला असा अधिकाऱ्यानें शेरा मारला तो 'कंडम' झाला. इंग्रजींत ज्या शब्दानें न्यायाधीश अपराध्याला दोषी ठरवितो, त्याच शब्दाचा हा मराठी अवतार. आज कोणत्याहि घरांत जुन्या पंख्यापासून मोडक्या सायकलीपर्यंत सर्व वस्तु 'कंडम' होतात, आणि चिडलेला मनुष्य दुसऱ्या मनुष्यालाहि तें विशेषण लावतो. परंतु यंत्रासाठीं मराठीनें आपलें स्वतःचें एक क्रियापदहि तयार केलें, आणि तें 'फेल'पेक्षां पुष्कळच कामाचें निघालें. तें म्हणजे 'बंद पडणें'. घड्याळ बंद पडतें, मोटार बंद पडते, दुकान बंद पडतें, शाळा बंद पडते. वर्तमानपत्रांनीं निधनवार्तेंत 'हृदयक्रिया बंद पडून' हा जो ठराविक शब्दप्रयोग रूढ केला, तो इंग्रजी 'हार्ट फेल'चेंच मराठी रूप होय. या 'बंद पडणें'ची गांठ पुढें पुन्हां पडणार आहे, म्हणून त्यांतील एक विशेष आतांच सांगून ठेवणें बरें : बंद पडणाऱ्या वस्तूला कोणी बंद पाडलें काय, याविषयीं तें क्रियापद मौन धरतें.

शाळेच्या दारानें मात्र हा शब्द निराळ्याच वेषांत आला. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्याच सालीं मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति निघाली. १८५९ मध्यें विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली, तींत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर उत्तीर्ण झाले; १८६२ मध्यें हे दोघे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक असे चार पहिले पदवीधर बाहेर पडले. त्या चौघांचीं नांवें इतिहासांत राहिलीं. जे त्या परीक्षांत मागें राहिले त्यांच्यासाठीं भाषेला एक शब्द हवा होता, आणि तो कोणा पंडितानें न घडवितां आपोआप घडला. 'पास' हा इंग्रजी शब्द घेतला, त्याच्या पाठीशीं फारशीचा 'ना' लावला, आणि 'नापास' तयार झाला. नालायक, नापसंत, नामंजूर, नाउमेद, नाकबूल, या जुन्या घराण्यांत हा दत्तक मुलगा असा कांहीं मिसळून गेला कीं, त्याचें अर्धें अंग इंग्रजी आहे याची आज कोणास आठवणहि होत नाहीं. संस्कृतज्ञांनीं दिलेला 'अनुत्तीर्ण' हा शब्द पाहिला तर फार सुंदर आहे. उत्तीर्ण म्हणजे जो नदी तरून पैलतीरीं गेला तो, आणि अनुत्तीर्ण म्हणजे जो अजून अलीकडच्या तीरावर उभा आहे तो. परंतु गुणपत्रकाबाहेर त्याला कोणी विचारलें नाहीं. मुलांच्या तोंडीं तर 'नापास'हि सभ्य ठरला. तीं गणितांत उडतात, इंग्रजींत गचकतात, नाहींतर सपशेल आपटी खातात. इंग्लंडमधील विद्यार्थीहि या बाबतींत मागें नव्हते. एकोणिसाव्या शतकांत ऑक्सफर्डचा नापास विद्यार्थी पिसें उपटलेल्या कोंबड्यासारखा 'उपटला' जाई, आणि पुढें पुढें तो 'नांगरला' जाऊं लागला.

सोलापूरच्या मुलाला या शब्दाची किंमत जरा अधिकच द्यावी लागे. शहरांत दयानंद महाविद्यालय निघालें तें १९४० सालीं. तोंपर्यंत मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढें शिकावयाचें तर पुण्याची वाट धरावी लागे. तेथील खोली, खाणावळ आणि फी यांचा खर्च घरानें पोटाला चिमटा घेऊन केलेला असे. अशा मुलाच्या नांवापुढें 'बी. ए. नापास' असें लिहिलेलें आढळलें म्हणजे इंग्रजी लेखकांना हंसूं येई, आणि हिंदी मनुष्याच्या पदवीलोभाचें उदाहरण म्हणून तें पुन्हां पुन्हां सांगितलें जाई. तें हंसूं उथळ होतें. 'बी. ए. नापास' या शब्दांत त्या तरुणाची बी. ए.च्या वर्गापर्यंतची सारी चढण नोंदलेली होती. मधल्या परीक्षा तो पार पडला होता, आणि कचेरींत कारकुनी मागतांना तेवढें सांगण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता. 'मॅट्रिक नापास' यालाहि नोकरीच्या बाजारांत भाव होता. इंग्रजींत मात्र एकोणिसाव्या शतकांत उलट प्रवास चालू होता. 'फेल्युअर' हें तोंपर्यंत घटनेचें नांव होतें, विशेषतः पेढी बुडण्याचें. तें हळूहळू माणसाचें नांव होऊं लागलें. अमुक मनुष्याच्या धंद्यांत फेल्युअर आलें, या ऐवजीं तो मनुष्यच एक फेल्युअर आहे, असें इंग्लंड-अमेरिकेंतील लोक बोलूं लागले. मराठींत 'अपयश' येतें आणि जातें. 'तो एक अपयश आहे' असें वाक्य अजूनहि मराठी कानाला खटकतें, आणि तें खटकतें हें चांगलेंच आहे.

पुढील काळांत शिक्षणखात्यानें या शब्दाची धार बोथट करण्याचे अनेक उपाय केले. विद्यापीठांत कांहीं विषय राहिले तरी पुढच्या वर्गांत बसूं देण्याची सवलत आली. 'अलाउड टु कीप टर्म्स' या तिच्या लांबलचक नांवाचीं आद्याक्षरें होऊन 'एटीकेटी' झाली, आणि मुलांनीं तींतलीहि दोन गाळून टाकलीं. एखाद्याला ताप लागावा किंवा ठेंच लागावी तशी आतां 'केटी लागते'. मूळ शब्दांत परवानगी होती; बोलण्यांत तें दुखणें झालें. २००४ सालीं सोलापुरास स्वतःचें विद्यापीठ मिळालें, तेव्हांपासून ही केटी घेण्यासाठींहि गांव सोडावें लागत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें आठवीपर्यंत कोणाहि मुलास मागें ठेवूं नये असें ठरविलें. २०१९ मध्यें दुरुस्ती होऊन पांचवी आणि आठवी या इयत्तांपुरती ती मनाई सैल करण्यांत आली. मध्यंतरीं २०१६ मध्यें महाराष्ट्रानें दहावीच्या गुणपत्रकावरून 'नापास'चा शेराच काढून टाकून त्या जागीं मूल कौशल्य विकासासाठीं पात्र आहे असें लिहिण्याचें ठरविलें. हेतु दयाळू होता. परंतु निकालाच्या दिवशीं शेजारची बाई जो प्रश्न विचारते, तो अजून 'पास कीं नापास' असाच असतो.

आतां पावसाकडे वळूं. कारण सोलापूर जिल्ह्याला परीक्षेपेक्षां त्याचें भय अधिक. दुष्काळाविषयींच्या इंग्रजी अहवालांतून पाऊस 'फेल' होतो. मराठी शेतकऱ्यानें हा शब्द आपल्या शिवारांत शिरूं दिला नाहीं. त्याच्या भाषेंत पाऊस ओढ देतो, दडी मारतो, तोंड फिरवितो, दगा देतो. यांतला 'दगा' हा लॅटिन मूळ शब्दाच्या अर्थाला अगदीं भिडणारा आहे. सोलापूर हा मुख्यतः रब्बीचा जिल्हा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानांतील ज्वारी प्रसिद्ध आहे, आणि ती भाद्रपद-आश्विनांतील उत्तरा-हस्ताच्या पावसावर उभी राहते. जून-जुलई कोरडे गेले तरी शेतकरी धीर सोडीत नाहीं. हस्तानें दगा दिला म्हणजे मात्र वर्ष गेलें. मराठीचा आणखी एक चमत्कार येथें दिसतो. पाऊसहि पडतो आणि दुष्काळहि पडतो. क्रियापद एकच; एकांत धान्य येतें, दुसऱ्यांत जातें.

पावसाच्या दग्याला सरकारी दप्तरांत मात्र मोजमाप लागतें, आणि तें मोजमाप आण्यांत होई. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. मुंबई इलाख्यांत पीक चार आण्यांच्या आंत आलें तर त्या सालचा सारा पूर्ण तहकूब व्हावा असा नियम होता. १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत गांधीजींनीं जो सत्याग्रह केला तो याच चार आण्यांच्या वादावरून. कुणबी म्हणे पीक बुडालें, मामलेदार म्हणे पांच आणे आहे. 'बुडालें' आणि 'पांच आणे' यांमध्यें जें अंतर, तेवढ्यांत एखाद्या घरचे बैल जात किंवा राहत. आणे व्यवहारांतून गेले; आणेवारीची पैसेवारी झाली, आणि पन्नास पैशांच्या आंत पीक आलेलें गांव टंचाईग्रस्त धरण्याची रीत पडली. दुष्काळाच्या धाकानेंच सोलापुराजवळ एकरुखचा मोठा तलाव बांधण्यांत आला. तो १८७१ च्या सुमारास पुरा झाला, आणि पांच वर्षांनीं, १८७६ मध्यें, दख्खनवर तो भयंकर दुष्काळ आलाच.

पाऊस गेला म्हणजे कर्ज येतें, आणि कर्ज आलें म्हणजे दिवाळें कांहीं दूर राहत नाहीं. इंग्रजींतील 'बँकरप्ट' हा शब्द इटालीच्या सराफकट्ट्यांतून आला. त्याचा मूळ अर्थ मोडलेलें बांक. आपल्याकडे बांक मोडीत नसत, दिवा लावीत. देणें भागविण्यास असमर्थ झालेल्या व्यापाऱ्यानें भर दिवसां दुकानांत दिवा लावून ठेवण्याचा रिवाज होता आणि त्यावरून 'दिवाळें' हा शब्द आला, असें परंपरेनें सांगतात. तो दिवा पाहून देणेकऱ्यांनीं काय ओळखावयाचें तें ओळखावें! पण या शब्दाचें खरें मर्म त्याच्या क्रियापदांत आहे. दिवाळें 'निघतें' किंवा दिवाळें 'काढलें' जातें. ज्याचें दिवाळें निघालें त्याची कींव येते; ज्यानें दिवाळें काढलें त्याच्याविषयीं सोलापूरच्या कापडबाजारांत निराळ्याच स्वरांत बोललें जाई. त्याच रीतीनें पैसे बुडतात किंवा बुडविले जातात, बेत फसतो किंवा कोणी फसवितो, काम बंद पडतें किंवा बंद पाडलें जातें. इंग्रजींत पेढी 'फेल' झाली म्हटलें कीं प्रश्न मिटला. मराठींत तो तेथें सुरू होतो. बोलणाऱ्याला दोहोंपैकीं एक रूप निवडावेंच लागतें, आणि निवडतांक्षणीं त्यानें साक्ष दिलेली असते.

कायद्यालाहि ही निवड करावी लागली. १८७५ सालीं पुणें आणि नगर या जिल्ह्यांत कुणब्यांनीं सावकारांविरुद्ध दंगे केले. त्यानंतर १८७९ मध्यें दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं जो खास कायदा झाला, तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायीं शेतकऱ्याला पकडून तुरुंगांत टाकण्याची रीत त्यानें बंद केली, आणि शेतकऱ्याला नादार ठरविण्याची तरतूदहि केली. 'नादार' म्हणजे ज्याच्याजवळ कांहीं नाहीं तो. फारशींतून आलेला हा शब्द दिवाळखोरापेक्षां पुष्कळ सौम्य आहे. याच शब्दानें पुढें शाळेंत प्रवेश केला आणि तेथें त्याचें भाग्य उजळलें. गरीब मुलाला फी माफ झाली म्हणजे त्याला 'नादारी मिळाली' असें म्हणत. बापानें कोर्टांत नादारी घेतली तर घराची मान खालीं जाई. मुलाला शाळेंत नादारी मिळाली तर आई देवापुढें साखर ठेवी.

मोठमोठ्या पेढ्या आणि बँका यांना मात्र मराठीनें नादारहि म्हटलें नाहीं आणि फेलहि म्हटलें नाहीं. त्या बुडाल्या. १९१३ सालीं मुंबईची इंडियन स्पेसी बँक बुडाली. 'बुडीत खातें' हा शब्द आजहि प्रत्येक सहकारी बँकेच्या वार्षिक अहवालांत भेटतो. सरकारी मराठींत बुडणाऱ्या संस्था 'अवसायनांत' जातात. हा शब्द इतका अवघड आहे कीं ठेवीदाराला आपले पैसे गेले हें कळण्यास आणखी दोन दिवस लागावेत. नभोवाणीच्या श्रोत्यांना येथें एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मुंबईचें ध्वनिक्षेपणकेंद्र २३ जुलई १९२७ रोजीं सुरू झालें तें एका खाजगी कंपनीमार्फत, आणि ती कंपनी १९३० च्या मार्चमध्यें अशीच अवसायनांत गेली. त्या वर्षाच्या एप्रिलपासून सरकारनें तें काम हातीं घेतलें, म्हणून पुढें आकाशवाणी झाली.

तेंच १९३० साल सोलापुरांत निराळ्या कारणानें आठवतें. गांधीजींना अटक झाल्याची बातमी ५ मे रोजीं शहरांत पोंचली, हरताळ पडला, ८ मे रोजीं गोळीबार झाला, पोलिसचौकी आणि न्यायकचेरी जळाली, आणि अधिकारी व पोलीस शहरांतून मागें हटले. १२ मे रोजीं लष्करी कायदा पुकारला गेला. मधले तीन-चार दिवस शहराचा कारभार स्वयंसेवकांनीं पाहिला. सरकारी इंग्रजीच्या दृष्टीनें तो राज्ययंत्र मोडून पडल्याचा, म्हणजे शासन फेल झाल्याचा काळ. सोलापूरच्या मराठींत त्याचें नांव स्वातंत्र्याचे दिवस. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी देण्यांत आलें. मराठींत एवढ्या अपयशानंतरहि त्यांना कोणी 'अयशस्वी' म्हटलें नाहीं. सोलापूरचा मुख्य चौक हुतात्मा चौक झाला.

सोलापूरचें खरें जीवन चालत आलें तें गिरण्यांवर. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ सालची. पुढें नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णु अशा गिरण्या निघाल्या, तेव्हां पहिलीला लोक 'जुनी मिल' म्हणूं लागले. गिरणींतील विणकराला 'फेल' हा शब्द फारसा भेटत नसे. त्याला भेटे तो 'डागी माल'. कापडांत तार तुटली, डाग पडला, तर कापड डागी ठरे. आणि मुंबई इलाख्यांतील गिरण्यांतून असें कापड विणकराच्याच गळ्यांत मारून त्याची किंमत पगारांतून कापून घेण्याची चाल होती. डाग मागाचा, सुताचा, कीं हाताचा, हें ठरविणारा मालकाचा माणूस. सूत निकृष्ट असेल, हवेंत ओल कमी असेल, माग जुना असेल. कागदावर तो विणकराचा दोष होई. १९३६ च्या वेतन-कायद्यानें दंडाला मर्यादा घातली. एकूण दंड पगाराच्या रुपयामागें अर्ध्या आण्यापेक्षां अधिक नसावा, आणि पंधरा वर्षांखालील मुलांना मुळींच दंड करूं नये, असें ठरलें. अर्धा आणा ही लहान गोष्ट नव्हती. दोष कोणाचा हें सिद्ध करतां येत नसलें, तरी तो किती महाग पडावा याला प्रथमच हद्द आली.

आणि मग १९४९ साल उजाडलें. २७ जुलई रोजीं जुन्या मिलच्या संचालकांनीं गिरणी बंद होणार असल्याची सूचना कामगारांना दिली, आणि २७ ऑगस्टला ती बंद झाली. हजारों कुटुंबांची चूल त्या भोंग्यावर चाले. शहरांत जो तो म्हणे, जुनी मिल बंद पडली. कापडाची टंचाई होती, माल खपत नव्हता असें नव्हे. आणि नेमक्या याच ठिकाणीं सरकारनें त्या मौनी क्रियापदावर समाधान मानलें नाहीं. ९ जानेवारी १९५० रोजीं निघालेला वटहुकूम आणि त्यामागून आलेला कायदा यांनीं गिरणीचा कारभार संचालकांच्या हातून काढून घेतला. त्या कायद्याच्या प्रस्तावनेंत कंपनी 'फेल' झाली असें कोठेंहि म्हटलेलें नव्हतें. गैरव्यवस्था आणि हयगय यांमुळें अशी परिस्थिति ओढवली आहे कीं जीवनावश्यक मालाच्या उत्पादनास बाध येऊन लोक बेकार झाले आहेत, अशा आशयाचे शब्द होते. सोलापुरी मराठींत सांगावयाचें तर, गिरणी बंद पडली नाहीं, बंद पाडली, असें सरकारनें लिहून ठेवलें.

भागधारकांनीं हें आव्हानिलें. नवी राज्यघटना अंमलांत येऊन वर्षहि झालें नव्हतें. चिरंजीतलाल चौधरी या भागधारकाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयानें ४ डिसेंबर १९५० रोजीं बहुमतानें फेटाळला. एकाच कंपनीपुरता कायदा करणें हा समतेचा भंग आहे असें दोन न्यायमूर्तींना वाटलें, तिघांना वाटलें नाहीं. पुढें द्वारकादास श्रीनिवास यांचा दावा आला. नव्या व्यवस्थापकांनीं अग्रहक्काच्या भागांवर उरलेली रक्कम मागितली होती, ती द्यावयास हा भागधारक तयार नव्हता. १८ डिसेंबर १९५३ रोजीं न्यायालयानें निकाल दिला कीं, सरकारनें व्यवस्था म्हणून जें केलें तें वस्तुतः भरपाईवांचून मालमत्ता हिरावून घेणें होतें, आणि म्हणून तो कायदा अवैध आहे. सोलापूरच्या एका बंद गिरणीचें नांव अशा रीतीनें देशांतील प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याच्या वहींत जाऊन बसलें. वकिलांच्या दृष्टीनें तो मालमत्तेच्या हक्काचा प्रश्न. गिरणगांवाच्या दृष्टीनें प्रश्न एवढाच होता कीं, बंद पडली कीं पाडली.

हा प्रश्न १९५७ मध्यें औद्योगिक कलह कायद्याच्या एका दुरुस्तींत फार स्पष्टपणें उतरला. कारखाना कायमचा बंद करणाऱ्या मालकानें कामगारांना भरपाई द्यावी असें त्यांत ठरलें. मालकाच्या ताब्याबाहेरच्या अटळ परिस्थितीमुळें तो बंद झाला असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी पगाराची वरची हद्द होती. पण नुसता तोटा आला, किंवा माल पडून राहिला, ही अटळ परिस्थिति मानली जाणार नाहीं, असा खुलासा जोडलेला होता. म्हणजे 'बंद पडणें' आणि 'बंद करणें' या दोन क्रियापदांतील फरकाला रुपये-आण्यांत किंमत आली. त्याच्या आधींपासून 'संप' आणि 'टाळेबंदी' या जोडींत तोच झगडा चाललेला होता. गेटाला कुलूप एकच असे, पण तें कोणी लावलें यावर त्या दिवसांचा पगार अवलंबून राही. बंद हा एकच शब्द नाम म्हणून वापरला तर तो पुढाऱ्यांचा, पडणें जोडलें तर नशिबाचा, आणि करणें जोडलें तर मालकाचा.

जुनी मिल साठीच्या दशकांत कायमची मिटली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढें इतर मोठ्या गिरण्यांचीहि तीच गत झाली. काम यंत्रमागांच्या लहान लहान शेडांत, चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या कारखान्यांत आणि विडीच्या धंद्यांत पांगलें. तेथें माग 'फेल' होत नाहीं, लाइट जाते. मजुराला कोणी काढीत नाहीं, त्याला 'ब्रेक' मिळतो. ज्यानें एंजिन थांबतें आणि ज्यामुळें मजुराची सलग नोकरी मोडते, त्या दोहोंना मराठींत आतां एकच इंग्रजी नांव आहे. जुन्या मिलच्या आवारांत पुढें वस्ती झाली. रिक्षावाल्याला आजहि 'जुनी मिल' एवढें सांगितलें कीं तो बरोबर नेऊन सोडतो.